विहिणींची ट्राम

ऐश्वर्याचा पाय मोडला दालियानला आणि धावपळ उडाली ठाण्यात नि डोंबिवलीत.

दालियान हे चीनच्या उत्तरेकडचं समुद्रकाठचं शहर. सलिल आणि ऐश्वर्या दोघं नवराबायको तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षांसाठी गेलेले. मे महिन्यातल्या एका रविवारी जवळच्या टेकडीवर फिरायला गेले, उतरताना ऐश्वर्याचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर बसलं, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. सलिलने आधी आईला फोन केला, मग सासूबाईंना. दोघी एकच म्हणाल्या, "मी येते."

सलिलची आई सुहासिनी ठाण्याला नौपाड्यात राहायची. वागळे इस्टेटमधल्या बँकेच्या शाखेतून गेल्याच वर्षी निवृत्त झालेली. प्रवासाला निघायचं तर आठवडाभर आधी बॅग भरून दाराशी ठेवणारी बाई. ऐश्वर्याची आई रंगूबाई डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या. नवरा दौलत एमआयडीसीतल्या कारखान्यात, आणि घराखालच्या गाळ्यात रंगूबाईंचा मिरची-मसाला कांडपाचा डंका. डंक्याच्या धडधडाटावर आवाज चढवून बोलण्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळे त्या कुजबुजल्या तरी पलीकडच्या फुटपाथवर कळायचं.

मुलांच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. विहिणी दिवाळीला भेटायच्या, एकमेकींना साडी द्यायच्या, तब्येत विचारायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. भांडण नव्हतं. पण भांडायलाही थोडी ओळख लागते, तीच नव्हती.

"एका पायाला एक आई पुरे," सुहासिनीचे यजमान त्र्यंबकराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले. ही सूचना दुसरीसाठी आहे असं दोघींनीही गृहीत धरलं. पोरगी माझी आहे, असं रंगूबाईंचं म्हणणं. मी रिकामी आहे, त्यांचा धंदा आहे, असं सुहासिनीचं म्हणणं. शेवटी दोघींचेही व्हिसा आले आणि दोघी एकाच विमानात शेजारी-शेजारी बसून दालियानला पोचल्या. एक खिडकीतून बघत राहिली, दुसरी झोपली.

सलिलचं घर चौदाव्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंसं, की एकीला वळायचं झालं तर दुसरीने बाहेर जावं. सुहासिनी आमटीत गूळ घालायची. तिची पाठ वळली की रंगूबाई त्यात कांदा-लसूण मसाला सोडायच्या. सुहासिनी सुनेच्या पायाखाली दोन उशा ठेवायची, कारण पाय उंच हवा. रंगूबाई एक काढून घ्यायच्या, कारण रक्त खाली उतरलं पाहिजे. ऐश्वर्याचा पाय दिवसभर लिफ्टसारखा वरखाली होत होता.

पाचव्या दिवशी सकाळी सलिल ऑफिसला गेल्यावर ऐश्वर्याने दोघींना हाक मारली.

"आई, मम्मी, इकडे या. हे बघा, माझा पाय मोडलाय. डोकं अजून जागेवर आहे. तेही जायच्या आत तुम्ही दोघी जरा बाहेर पडा."

"बाहेर? कुठे?" सुहासिनीने विचारलं.

"ट्राममध्ये बसा. रस्ता ओलांडला की स्टॉप आहे. इथे अजून जुन्या लाकडी ट्राम चालतात, लोक मुद्दाम बघायला येतात. समुद्रापर्यंत जा, मस्त फिरा. संध्याकाळपर्यंत मला दोघींपैकी कोणी दिसायला नको."

"आणि तुला पाणी कोण देणार?" दोघी एका सुरात म्हणाल्या. पाच दिवसांतलं हे पहिलं एकमत.

"बाटली देईल!" ऐश्वर्या म्हणाली आणि तिने डोळ्यांवर उशी ओढली.

ट्रामच्या भाड्यासाठी सलिलने सुट्ट्या नाण्यांची एक पुरचुंडी घरात ठेवलेलीच होती. फोनचं म्हणाल तर चिनी सिमकार्ड फक्त सुहासिनीच्या फोनमध्ये होतं. रंगूबाईंचा फोन घरातल्या वायफायवर चालायचा, बाहेर त्याचा उपयोग आरशाइतकाच. दोघी बरोबरच तर असणार, असा सलिलचा हिशोब.

ट्राम आली ती हिरव्या अंगाची, गोल नाकाची, खडखडत. ठाण्याला ट्राम कधी नव्हतीच, आणि मुंबईतली सुहासिनीच्या जन्माआधी बंद झालेली. त्यामुळे दोघींनाही ही आयुष्यातली पहिलीच. आत पाय टाकला तर पायाखालची लाकडी जमीन करकरली. खिडक्यांच्या चौकटीही लाकडी, पॉलिश करून करून मधाच्या रंगाच्या झालेल्या. पेटीत नाणी टाकून दोघी बाकावर टेकल्या आणि रंगूबाई उडाल्याच.

"अहो सुहासिनीताई, बाई चालवतेय!"

खरंच, पुढे आखूड केसांची, पांढरे हातमोजे घातलेली बाई दांडा फिरवत होती. रंगूबाईंच्या आवाजाने तिनेही आरशातून मागे बघितलं.

"हळू बोला ना जरा," सुहासिनी म्हणाली.

"का? इथं कोणाला मराठी कळतंय?"

सुहासिनी बाहेर बघू लागली. काचेच्या उंच इमारती गेल्या, जुन्या दगडी इमारती गेल्या, रेल्वे स्टेशन गेलं. मग रस्त्याच्या कडेला झाडं लागली. शेवग्याच्या फुलांसारखे पांढरे घोस लटकलेली, आणि त्यांचा गोड वास उघड्या खिडकीतून आत यायला लागला. डब्यातली निम्मी माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेली, कोणाला घाई नाही. ट्राम मध्येच टण् करून घंटा वाजवायची आणि रस्त्यातल्या मोटारी बाजूला व्हायच्या. सुहासिनीच्या मनात आलं, घोडबंदर रोडला अशी एक घंटा हवी.

समोरच्या बाकावरच्या म्हातारीला रंगूबाईंच्या हिरव्या बांगड्यांची भूल पडली होती. रंगूबाईंनी हात पुढे केला, म्हातारीने बांगड्या वाजवून बघितल्या, दोघी हसल्या. पाच मिनिटांत त्यांचं मैत्र जमलं. आपलं तीन वर्षांत जमलं नाही ते, असं वाटून सुहासिनी जरा अवघडली. म्हणून तीच बोलली.

"ऐश्वर्या तुमच्याशी रोज बोलते ना फोनवर?"

"रोज. मी एकदा विचारलेलं तिला, सासू कशी आहे?"

"मग?"

"बोलली, चांगली आहे. फक्त घरात कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून होतात."

रंगूबाई हे हसत हसत म्हणाल्या, पण सुहासिनीला ते झोंबलं. मोजून होतात म्हणजे? डाळ गाळ होऊ द्यायची की काय? तिने तोंड खिडकीकडे वळवलं. तेवढ्यात ट्राम स्टॉपवर थांबली आणि समोरून दुसरी हिरवी ट्राम येताना दिसली. त्र्यंबकरावांनी निघताना बजावलं होतं, जुन्या ट्रामचा समोरून फोटो पाहिजे. "मी फोटो काढते, चला," असं म्हणून सुहासिनी झटकन उतरली. ते 'चला' तिने खिडकीकडे बघतच म्हटलं होतं आणि रंगूबाई तेव्हा म्हातारीच्या हातातलं जेड दगडाचं कडं निरखत होत्या.

फोटो छान आला. सुहासिनीने वळून बघितलं तर दार मिटलेलं, ट्राम निघालेली, आणि काचेमागे रंगूबाईंचं तोंड उघडं.

"अहो थांबा! थांबा!" सुहासिनी ओरडली. मग मराठी कळत नसेल म्हणून, "रोको! रोको!" नौपाड्याच्या नाक्यावर बस थांबवायला करतात तसा तिने हात केला, छत्री हलवली. ट्राम वळणावरून दिसेनाशी झाली.

रंगूबाईंकडे सिम नाही, पत्ता नाही, पाटी वाचता येत नाही. आपल्याला तरी कुठे येते? तिने सलिलला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. काय सांगणार? तुझी सासू हरवली? आणि तेही नेमकं मी तोंड फिरवलं तेव्हा? नाही, आपणच शोधायचं. ट्राम रुळांवरून जाते, वाट सोडून कुठे जाणार?

पुढची ट्राम आली ती नव्या जमान्याची. लांबलचक, बुटकी, बिनआवाजाची, आत थंडगार हवा आणि पडद्यावर स्टॉपची नावं. एरवी सुहासिनीला ती फार आवडली असती. आता ती ड्रायव्हरच्या केबिनमागे दांडी धरून, मान लांब करून उभी राहिली. आणि समोरून, उलट दिशेने येणाऱ्या ट्राममध्ये, दाराच्या काचेला नाक लावून कोण? रंगूबाई! त्या पुढच्याच स्टॉपवर उतरून, रस्ता ओलांडून मागे फिरल्या होत्या. दोघींनी एकमेकींना बघितलं. दोघींनी काचेवर थापा मारल्या. दोन्ही ट्राम आपापल्या वाटेने निघून गेल्या.

सुहासिनी पुढच्या स्टॉपवर उतरली, धावत रस्ता ओलांडला आणि मागे जाणाऱ्या ट्राममध्ये चढली. आता सापडतील. पण रंगूबाईंनीही तेच केलं होतं. दोन मिनिटांत त्या पुन्हा समोरून आल्या, आता समुद्राच्या दिशेने. या खेपेला त्यांनी पंजा उभा धरून जोरजोरात हलवला. थांबा!

"हां, थांबते!" सुहासिनी काचेआडून म्हणाली, पुढच्या स्टॉपवर उतरली आणि थांबली.

ती थांबली. ट्रामवर ट्राम येत राहिल्या, नव्या आल्या, जुन्या आल्या, रंगूबाई काही आल्या नाहीत. ऊन कलायला लागलं तसे सुहासिनीच्या मनात नाही नाही ते विचार यायला लागले. मानपाड्याला दौलतरावांना काय सांगायचं? ते विमानतळावर आले होते. बोलणं कमी माणसाचं. फक्त एवढंच म्हणाले होते, "ताई, तिला बाहेरचं काय माहीत नाय. तुम्ही आहात म्हणून निश्चिंत आहे." आणि आपण तिला वाटेत सोडली. कुकरच्या शिट्टीवरून.

शेवटी एक हिरवी ट्राम थांबली तेव्हा सुहासिनी सरळ पुढच्या दाराशी गेली. दांड्याशी तीच पांढऱ्या हातमोज्यांची बाई! सुहासिनीने फोनमधलं भाषांतराचं ॲप उघडलं आणि मराठीत सांगितलं, "माझी विहीण हरवली आहे." ॲपने काहीतरी चिनी उच्चारलं. ड्रायव्हरबाई बुचकळ्यात पडली. विहीण त्या ॲपला कुठून ठाऊक असणार? इंग्रजीत टाकायला गेली तर इंग्रजीत मुळात शब्दच नाही. मग तिने फोड करून लिहिलं: माझ्या मुलाच्या बायकोची आई हरवली आहे.

ड्रायव्हरबाईने वाचलं. मागून कांद्याच्या पातीसारख्या लीकची जुडी बगलेत धरलेल्या एका आजींनी वाकून वाचलं. आणि आजींचा चेहरा एकदम उजळला.

"छिंग-ज्या-मू!" त्या म्हणाल्या.

"आऽऽ! छिंग-ज्या-मू!" ड्रायव्हरबाई म्हणाली.

डबाभर तो शब्द पसरला. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि बायकांच्या ओठांवर एक ओळखीचं हसू आलं. इंग्रजीला जे नातं माहीत नाही ते या माणसांना पक्कं माहीत होतं. विहीण म्हणजे काय, तिच्याशी कसं जपून बोलायचं असतं, आणि ती हरवली तर घरी काय ऐकावं लागतं, हे कोणाला समजावायची गरजच उरली नाही. एका बाईने सुहासिनीला हाताला धरून बसवलं. सकाळी आरशातून दोघींना पाहिलेल्या ड्रायव्हरबाईने स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. बांगड्या? हो, हो, बांगड्या! हिरव्या! सुहासिनीने मान हलवली.

ड्रायव्हरबाईने बिनतारी फोन उचलला आणि भराभरा बोलली. पलीकडून खरखर आली, मग एक हसरा बायकी आवाज आला. ड्रायव्हरबाईने वळून एक बोट दाखवलं. पुढचाच स्टॉप! कोणीतरी टाळीच वाजवली.

पुढच्या स्टॉपच्या बाकावर रंगूबाई मांडी घालून बसल्या होत्या. एका बाजूला टोपीवाला म्हातारा, दुसऱ्या बाजूला दोन बायका, आणि मध्ये त्यांच्या पिशवीतली, घरून आणलेली लसणाच्या चटणीची बरणी उघडलेली. तिघांच्या हातात पांढरे वाफवलेले पाव. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दुसरा पाव तो चटणीत बुडवतच होता.

सुहासिनी उतरली तशा रंगूबाई कडाडल्या, "अहो, कुठं गेलेलात? किती शोधायचं माणसानं?"

"मी? हरवला होतात तुम्ही!"

"मी कुठं हरवलेली? मी ट्राममध्येच होते. उतरलात तुम्ही!"

"आणि तो हात केलात, थांबा म्हणून? मी थांबले ना तासभर!"

"तुम्हाला नव्हता केला थांबायचा! मी थांबते असं सांगत होते!"

म्हणजे दोघी दोन स्टॉपवर एकमेकींसाठी थांबल्या होत्या. सुहासिनीला हसू फुटलं. ते थांबेना. हसता हसता डोळे भरून आले, आणि तिने रंगूबाईंचे बांगड्या भरलेले हात घट्ट धरले.

ट्राम अजून उभीच होती. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आलेली. ड्रायव्हरबाईने दोनदा घंटा वाजवली, दोघींनी वाकून नमस्कार केला आणि ट्राम हलली.

"घाबरला होतात?" सुहासिनीने बाकावर टेकत विचारलं.

"घाबरली नाय," रंगूबाई म्हणाल्या. मग बरणीचं झाकण लावत, चक्क हळू आवाजात बोलल्या, "घाबरलेली. सगळ्या पाट्या चिनीमधी. मनात बोललेली, पोरगी काय बोलेल, मम्मीला एक दिवस बाहेर सोडली आणि ही हरवली. पण तुम्ही दिसलात ना त्या दुसऱ्या ट्राममधी! एवढं बरं वाटलं. तुम्हाला बघून एवढं बरं मला कधीच वाटलेलं नाय."

"मलाही," सुहासिनी म्हणाली. मग तिने विचारलं, "शिट्ट्यांचं ऐश्वर्या अजून काय म्हणाली?"

"तुम्हाला लागलं का ते? अहो, कौतुकानं बोलली ती! आमच्याकडं डंका चालू झाला की शिट्टी ऐकू येते कोणाला? डाळ रोज करपलेली. तुमच्याकडं पहिल्यांदा नीट डाळ खाल्ली, बोलली."

सुहासिनीने बरणी पुन्हा उघडली आणि म्हाताऱ्याने पुढे केलेला पाव चटणीत बुडवला. ठसका लागला. तिघा चिनी शेजाऱ्यांना फार आनंद झाला.

मग समुद्रही झाला. जुन्या ट्रामने शेवटच्या स्टॉपपर्यंत, तिथून चालत पाण्यापर्यंत. घरी जायला उशीर होत होता म्हणून सुहासिनीने मेट्रो धरायची ठरवली. खाली उतरल्यावर पिशव्या यंत्रातून गेल्या आणि तपासणीच्या मुलीने पाण्याची बाटली दाखवून एक घोट प्या अशी खूण केली. रंगूबाई प्यायल्या आणि मग आपणहून चटणीची बरणी पुढे केली, "हे पण खाऊन दाखवू?" मुलीने घाईघाईने दोघींना आत सोडलं.

गाडी आली, दारं लागली, वारा कापत निघाली.

"याच्यात काय मजा?" रंगूबाई काळ्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "बाहेर काय दिसतच नाय. ना झाड, ना माणूस."

"मला तर हीच आवडली. वेळेवर येते, कुठे उतरायचं ते सांगते."

"आमच्या मानपाड्याला पण मेट्रोचे खांब आलेत. रस्ता सगळा खाल्लाय."

"ती झाली की मी येईन तुमच्याकडे."

"अहो, तोपर्यंत आपण म्हाताऱ्या होऊ! बस आहे, रिक्षा आहे. मिरच्यांच्या टायमाला या. नाकातोंडातून पाणी काढते तुमच्या."

घरी पोचल्यावर ऐश्वर्याने विचारलं, "कशी होती ट्राम?"

"तुझ्या सासूबाई हरवलेल्या," रंगूबाई म्हणाल्या.

"तुझी मम्मी हरवली होती," सुहासिनी त्याच क्षणी म्हणाली.

ऐश्वर्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. तिला काही बोध झाला नाही, पण रात्री आमटीत गूळही होता आणि कांदा-लसूण मसालाही, आणि कोणीही कोणाच्या पाठीमागे काही घातलेलं नव्हतं. चव जरा विचित्रच होती. सलिलने दोनदा घेतली.

त्यानंतर दोघी रोज सकाळी आवरून निघायला लागल्या. एक दिवस जुनी ट्राम, एक दिवस मेट्रो, असा समझोता. तिसऱ्या आठवड्यात ऐश्वर्या कुबड्या घेऊन स्वतःचा चहा स्वतः करायला शिकली, कारण घरात दुसरं कोणी नसायचंच.

परत आल्यावर पुढच्या मार्चमध्ये, उन्हं तापली तेव्हा, सुहासिनी बेडगी मिरच्यांची पिशवी घेऊन एकटी बसने मानपाड्याला गेली. त्र्यंबकराव गाडी करून देत होते, तिने नको म्हटलं. डंका धडधडत होता. दौलतराव चहा आणायला पळाले. गाळ्यातल्या दोन स्टुलांवर दोघी बसल्या आणि बोलायचं ते एकमेकींच्या कानात ओरडून बोलत राहिल्या.

"कलकत्त्याला अजून एखादी ट्राम चालते म्हणे!" रंगूबाई ओरडल्या. "बंद व्हायच्या आत जायचं का?"

"आता नको, उकडतं!" सुहासिनी ओरडली. "थंडीत जाऊ!"

"दोघीच?"

"दोघीच! आणि या वेळी तुमचंही सिम घेऊ!"

रंगूबाई काहीतरी म्हणाल्या, पण तेवढ्यात मिरचीचा खकाणा उडाला आणि दोघी पदरात तोंड लपवून शिंकायला लागल्या.